घडी हीच चाल : कागदी होड्यांचा पटखेळ तयार करतानाची सव्वादोन वर्षे

३१ ऑगस्ट २०२२ रोजी गणपती बसले. दुपारची आरती आणि जेवणे उरकल्यावर गुहागरच्या आमच्या घराच्या ओटीवर माझ्या नऊ वर्षांच्या भाच्याने घोटीव कागदाची शिडाची होडी केली आणि ती माझ्यापुढे धरून म्हणाला, “आत्या, शीड धर. घट्ट. आता डोळे मीट.” मी डोळे मिटले. चिमटीतला कागद किंचित हलल्याचे जाणवले. “आता उघड. काय धरलंयस?” माझ्या हातात शीड नव्हते, सुकाणू होते. माझ्या लहानपणी वडिलांनी मला हीच गंमत याच ओटीवर करून दाखवली होती. त्या दुपारी मात्र मला पहिल्यांदाच असे वाटले की जी होडी न उलगडता, दोन टोके खाली ओढताच आपली दिशा बदलते, ती पटावरच्या सोंगटीसारखी खेळता येईल.

२ डिसेंबर २०२४ रोजी ‘शीड-सुकाणू’ या पटखेळाचे २०० संच छापखान्यातून घरी आले. सुरुवातीला कागद, कटिंग, नियमांची भाषा, वेष्टनावरचा मजकूर आणि सरकारी अर्ज यांतले मला काहीही ठाऊक नव्हते. मी पुण्यात एका खासगी कंपनीत हिशेबाचे काम करते. चित्रकला किंवा मुद्रण यांचे शिक्षण मी घेतलेले नाही. ज्यांच्या मनात असा एखादा खेळ घोळत असेल, त्यांना पुढची पायरी आधीच दिसावी म्हणून हे सगळे तारखांसह आणि खर्चासह लिहून ठेवत आहे.

पहिला आराखडा मी ऑक्टोबर ते डिसेंबर २०२२ या काळात केला. मनात वाशिष्ठीची खाडी होती: एका टोकाला दाभोळ, दुसऱ्या टोकाला चिपळूणजवळचे गोवळकोट बंदर, आणि मधल्या पाण्यातून भात, मीठ, नारळ, कौले वाहून नेणारी गलबते. पट ड्रॉइंग पेपरवर आखला, चार रंगांच्या होड्या केल्या, फासा घेतला. डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी घरी चार जणांना बसवून पहिला चाचणी डाव खेळलो आणि अर्ध्या तासातच त्यातला दोष स्पष्ट झाला. होड्या सुंदर दिसत होत्या, पण त्यांच्या जागी बटणे ठेवली असती तरी खेळात काडीचाही फरक पडला नसता. माझ्या नणंदेने अगदी सरळपणे विचारले, “वहिनी, मग घड्या घालायच्या कशाला?” या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात पुढचे तीन महिने गेले, आणि माझ्या मते सगळ्या कामातले तेच तीन महिने सर्वांत महत्त्वाचे होते.

उत्तर लहानपणच्या घड्यांतच होते. चौरस कागदाचे उभे-आडवे चार-चार भाग पाडून, कडा मध्यावर आणून चारही कोपरे बाहेर ओढले की एक चपटा आकार तयार होतो. त्याची दोन समोरासमोरची टोके फिरवली की भिंगरी होते. तोच आकार मधोमध मागे दुमडला की डबल होडी होते. भिंगरीचे एक पाते वळवून कर्णावर घडी घातली की शिडाची होडी होते. एका रूपातून दुसऱ्या रूपात जाण्यासाठी कागद पूर्ण उलगडावा लागत नाही. एक-दोन घड्या पुरतात. मार्च २०२३ मध्ये मी फासा काढून टाकला आणि नियम एका वाक्यावर आणला: आपल्या पाळीला खेळाडूने एकतर होडी हलवावी, नाहीतर तिची घडी बदलावी. भिंगरी जागेवरून हलत नाही, पण ती ज्या खेळाडूकडे असेल तो वारा ठरवतो, म्हणजे खारे वारे वाहतील की मतलई. शिडाची होडी वाऱ्याच्या दिशेने वाटेल तितकी घरे जाते, पण एकच माल नेते. डबल होडी म्हणजे पडाव. तो दोन माल नेतो, पण भरती-ओहोटीच्या दिशेनेच आणि एका वेळी दोनच घरे. भाच्याची गंमतही नियमात आली: शिडाच्या होडीची टोके ओढून शिडाचे सुकाणू केले की तिचे तोंड फिरते आणि ती वाऱ्याच्या उलट एक घर जाऊ शकते.

ज्या दिवशी हा नियम घेऊन पहिला डाव झाला, त्या दिवशी खेळणाऱ्यांच्या बोलण्यात फरक पडला. “मी तीन घरे पुढे जाते” असे म्हणण्याऐवजी “आता भिंगरी केली तर वारा माझा, पण माल अडकतो” असे लोक बोलू लागले. घडी घालताना हात क्षणभर थांबत होता. तो थांबलेला हात पाहिला तेव्हा मला खात्री वाटली की हा खेळ पूर्ण करायचाच. तुम्ही असे काही करत असाल तर पट रंगवण्याआधी कोऱ्या कागदावर दहा-बारा डाव खेळा आणि बोलणे लिहून ठेवा. आवडले का, असे विचारले तर आपली माणसे हो म्हणतात. डाव चालू असताना ती काय बोलतात, ते जास्त खरे असते.

एक गोष्ट मी उत्साहाच्या भरात करणार होते आणि ती वेळीच थांबवली. वाशिष्ठीत मगरी आहेत, म्हणून खेळात कागदी मगर हवीच असे मला वाटत होते, आणि एका परदेशी ओरिगामीकाराची अतिशय देखणी मगर मला घालता येऊ लागली होती. पारंपरिक होडी, भिंगरी यांवर कोणा एकाचा हक्क नाही. पण आजच्या कलावंताने रचलेला आकार आणि त्याच्या घड्यांच्या आकृत्या ही त्याची निर्मिती असते. अमेरिकेत २०११ साली रॉबर्ट लँग आणि आणखी पाच ओरिगामीकारांनी, आपल्या घड्यांचे आराखडे परवानगीशिवाय चित्रांत वापरले म्हणून चित्रकार सारा मॉरिस यांच्यावर दावा लावला होता. तो २०१३ मध्ये तडजोडीने मिटला. हे वाचल्यावर मी त्या कलावंताला पत्र लिहिले. पाच आठवड्यांनी सौजन्यपूर्ण उत्तर आले, मानधनाचा आकडाही आला. तो योग्यच होता, पण माझ्या आवाक्यातला नव्हता. आता खेळातली मगर साध्या पुठ्ठ्यावर छापलेली आहे. पारंपरिक आकारांच्या कृतीचे फोटोसुद्धा मी कुठल्या पुस्तकातून न घेता स्वतः काढले.

जुलै २०२३ मध्ये पावसाळ्यातले डाव झाले आणि कागदाचा प्रश्न उभा राहिला. तोवर मी ७५ जीएसएमचा (म्हणजे एका चौरस मीटरला ७५ ग्रॅम भरणारा) साधा झेरॉक्सचा कागद वापरत होते. दमट हवेत तो मऊ पडतो, घड्या सैल होतात आणि शीड उभे राहत नाही. शिवाय खेळात तीच घडी पुन्हा पुन्हा मोडून उलट दिशेने घालावी लागते. होडीच्या मधल्या बिंदूपाशी आठ घड्या एकत्र येतात आणि कागद तिथेच पहिल्यांदा जातो: आधी तिथली शाई उडते, मग तंतू पांढरे दिसू लागतात, मग टाचणीच्या टोकाएवढे भोक पडते आणि पुढच्या डावात त्या भोकातून चीर निघते. भाचा सुट्टीत आला होता तेव्हा आम्ही दोघांनी बसून मोजले. झेरॉक्सच्या कागदाला साधारण चाळिसाव्या रूपांतरानंतर भोक पडले. घोटीव कागदाचा रंग त्याआधीच घडीवर उडाला. १२० जीएसएमचा कागद टिकला, पण सोळा घरांच्या घड्यांत तो इतका जाड होतो की कोपरे बाहेर ओढताना फाटतो.

शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेतही मी दोनदा जाऊन आले. १९४० साली सुरू झालेल्या या संस्थेत सुती चिंध्यांपासून कागद बनतो आणि तो हातात घेतल्यावर सोडवत नाही. खोक्याच्या आत ठेवायच्या माहितीपत्रासाठी तो मला फार आवडला, पण आमच्या होडीला लागणारी धारदार घडी त्याच्या मऊ, जाडसर पोतावर बसत नव्हती. शेवटी रविवार पेठेतल्या एका कागदाच्या दुकानात मालकांनी माझी फाटलेली होडी उजेडात धरून पाहिली आणि म्हणाले, “ताई, तुम्हाला कागद चांगला नकोय, चिवट हवाय. क्राफ्ट घ्या.” पिशव्यांसाठी वापरतात तो ८० जीएसएमचा क्राफ्ट कागद त्यांनी दिला. त्याचे तंतू लांब असतात. त्या कागदाच्या होडीने घरी २०० रूपांतरे सोसली आणि मग आम्हीच मोजणे थांबवले. त्यावर रंग जरा मंद उठतात. ते मी आनंदाने पत्करले. कागद निवडताना दुकानात फक्त हात फिरवून ठरवू नका. चार नमुने घरी आणा, ज्या घडीवर तुमचा खेळ उभा आहे ती घडी शंभर वेळा उलटसुलट करा आणि हे शक्यतो पावसाळ्यात करा.

कागद मिळाला तरी नवख्या माणसाला मूळ आकार घालायला फार वेळ लागत होता. सरासरी अकरा मिनिटांत एक होडी होत होती आणि प्रत्येकाला तीन होड्या लागतात. माझी कल्पना अशी होती की घड्यांच्या रेषा आधीच यंत्राने दाबून द्याव्यात. नोव्हेंबर २०२३ मध्ये मी ३,६०० रुपये देऊन क्रीझिंगची डाय, म्हणजे अशा रेषा दाबणारा पट्ट्यांचा साचा, बनवून घेतली. हा पैसा वाया गेला आणि त्यात डाय करणाऱ्यांचा काही दोष नव्हता. क्रीझिंग हे जाड पुठ्ठ्यासाठी असते. पातळ कागदावर ती पट्टी तंतूच तोडते. दुसरे म्हणजे एका बाजूने दाबलेली रेष एकाच दिशेला सहज दुमडते, आणि आमच्या होडीला तर प्रत्येक घडी दोन्ही दिशांनी लागते. डाय करण्याआधी नुसत्या लोखंडी पट्टीने आणि बिनशाईच्या पेनाने दहा कागदांवर रेषा दाबून पाहिल्या असत्या तरी हे कळले असते. आता कागदाच्या आतल्या बाजूस फिकट तुटक रेषा छापलेल्या आहेत आणि पहिल्या डावाआधी सर्वांनी मिळून आपापल्या होड्या घालायच्या, हा खेळाचाच पहिला भाग केला आहे. त्याला वीस-पंचवीस मिनिटे लागतात. आता तो भाग कोणाला कंटाळवाणा वाटत नाही, कारण पुढे आपण जिच्यावर माल लादणार ती होडी माणूस स्वतः बांधत असतो.

कृती समजावून सांगणे हे वेगळेच काम होते. ओरिगामीच्या आकृत्यांना एक ठरलेली भाषा आहे. जपानचे अकिरा योशिझावा यांनी ती विसाव्या शतकाच्या मध्यात रूढ केली. दरीघडीला (कागद आपल्याकडे दुमडायचा) तुटक रेष, डोंगरघडीला (कागद मागे दुमडायचा) रेघ-टिंब, शिवाय बाण. मला ती भाषा सवयीची झाली होती, त्यामुळे मी आकृत्या त्याच पद्धतीने काढल्या. जानेवारी २०२४ मध्ये सहा अनोळखी माणसांना त्या दिल्या. सहापैकी पाच जण एकाच पायरीवर अडकले: मध्यावर आणलेल्या कडांमधून कोपरे बाहेर ओढण्याची पायरी. एका आजींनी तीनदा प्रयत्न केला आणि मग मला म्हणाल्या, “तू कागद कुठे धरलायस ते दाखव ना, बाण नको.” त्यानंतर मी त्या पायरीचे तीन फोटो काढले, तेही समोरून नव्हे तर घडी घालणाऱ्याच्या डोळ्यांना आपलेच हात जसे दिसतात तसे, म्हणजे कॅमेरा खांद्यावरून धरून. अंगठा आत, तर्जनी बाहेर. पुढच्या सहा जणांपैकी पाच जणांना कोणाच्या मदतीशिवाय होडी जमली.

आता कागदपत्रांकडे वळते. मला सर्वांत जास्त भीती याच भागाची होती.

पहिला प्रश्न वयाचा होता. खेळणी (गुणवत्ता नियंत्रण) आदेश, २०२० हा १ जानेवारी २०२१ पासून लागू आहे आणि १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यासाठी बनवलेल्या वस्तूंना त्यानुसार आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे. मला खेळ दहा वर्षांपुढच्या मुलांसाठी करायचा होता. २०० संचांसाठी परवाना आणि चाचण्या यांचा खर्च मला पेलणारा नव्हता. खोक्यावर ‘१४+’ छापले की झाले, असे दोघा-तिघांनी सांगितले. पण एका सल्लागारांनी (त्यांनी एका भेटीचे १,००० रुपये घेतले, नंतर ते परत केले) आदेशातली व्याख्याच समोर ठेवली. वस्तू मुलांच्या खेळासाठी बनवलेली आहे किंवा तसा तिचा उघड हेतू आहे का, हे तिथे पाहिले जाते, आणि ती केवळ मुलांसाठीच असली पाहिजे असेही नाही. त्यामुळे फक्त आकडा छापणे मला प्रामाणिकपणाचे वाटले नाही. मी खेळच बदलला. उधाण (मोठी भरती-ओहोटी) आणि भांग (लहान भरती-ओहोटी) यांचे वेळापत्रक आले, मालाच्या किमती वरखाली होऊ लागल्या, डाव पाऊण तासाचा झाला, खोक्यावरची हसरी मगर गेली आणि तिच्या जागी खाडीचा जुन्या धाटणीचा नकाशा आला. खेळ खरोखरच मोठ्यांचा झाला. मुलांसाठीचा सोपा डाव मी विकत नाही. त्याचा पट आणि नियम कोणालाही घरी छापून घेता येतील अशा फाइलमध्ये फुकट देते. भाच्याला हे समजावून सांगताना मला वाईट वाटले. त्याच्या वर्गाने तो छापून घेतला, तेव्हा ते थोडे कमी झाले.

नावासाठी १२ फेब्रुवारी २०२४ रोजी ट्रेडमार्कचा ऑनलाइन अर्ज केला: फॉर्म टीएम-ए, वर्ग २८ (खेळ आणि खेळणी), व्यक्तीसाठी शुल्क ४,५०० रुपये. नाव मराठी असल्यामुळे त्याचा अर्थ आणि लिप्यंतर अर्जातच दिले. ट्रेडमार्क कार्यालयाचा परीक्षण अहवाल आल्यावर उत्तर देण्यासाठी ३० दिवस असतात, म्हणून अर्ज केल्यानंतर ईमेल आणि संकेतस्थळावरची स्थिती दर आठवड्याला पाहत राहा. त्या कार्यालयाच्या नियतकालिकात नाव प्रसिद्ध झाल्यापुढे आक्षेपासाठी चार महिने जातात. माझे प्रमाणपत्र मे २०२५ मध्ये आले, म्हणजे खेळ बाजारात आल्यावर पाच महिन्यांनी.

नियमपुस्तिकेच्या कॉपीराइटसाठी मार्च २०२४ मध्ये अर्ज केला. फॉर्म १४, साहित्यकृती म्हणून शुल्क ५०० रुपये. लगेच डायरी क्रमांक मिळतो आणि मग कोणाची हरकत येते का यासाठी ३० दिवस थांबावे लागते. प्रमाणपत्र सप्टेंबरमध्ये आले. येथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या: कॉपीराइटने पुस्तिकेचे शब्द आणि फोटो यांना संरक्षण मिळते, खेळाच्या कल्पनेला मिळत नाही. ‘पाळीला घडी किंवा चाल’ ही युक्ती उद्या दुसऱ्या कोणी आपल्या शब्दांत, आपल्या पटावर वापरली तर ती कॉपीराइटमुळे थांबवता येत नाही. हे कळल्यावर दोन दिवस मी बेचैन होते. मग असा विचार केला की ही होडी तरी मला कोणाकडून मिळाली होती.

छपाई सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झाली, कारण मला दिवाळीआधी संच हवे होते. पट १६ इंचांचा, चार भागांत दुमडणारा, पुठ्ठ्यावर चिकटवलेला. प्रत्येकी ११८ रुपये. खोके ९२ रुपये. सोळा पानांची पुस्तिका ३१ रुपये. मालाच्या आणि मगरीच्या चकत्यांचे डाय-कटिंगसह ७,४०० रुपये. होड्यांचे कागद, प्रत्येक संचात २४, छपाई आणि कटिंगसह ११,२०० रुपये. पहिल्या खेपेचे कागद हातात आले तेव्हा मी एक होडी घातली आणि कडा मध्यावर जुळेचनात. कागद १५ सेंटिमीटरचा चौरस हवा होता. एका बाजूने तो १४.९ होता. नुसत्या डोळ्यांना हा एक मिलिमीटर दिसत नाही, पण सोळा घरांच्या घडीत तो प्रत्येक वेळी थोडा थोडा सरकत जातो आणि शेवटी शीड तिरके उभे राहते. रीमची मोठी थप्पी एकदम यंत्राखाली घेतली की पात्याच्या दाबाने वरचे आणि खालचे कागद थोडे वेगळे कापले जातात. मी छापखान्यात जाऊन कटिंग करणाऱ्या दादांना होडी घालून दाखवली. त्यांनी ती हातात घेऊन उघडमीट केली, तिरके शीड बघितले आणि स्वतःहून म्हणाले की शंभर-शंभरच्या थप्प्या करू, वेळ लागेल. तीन दिवस जास्त लागले. त्या कापलेल्या कागदांत वाया गेले ते फारच थोडे.

दिवाळी मात्र हुकली, आणि ती माझ्या चुकीने. बंद खोक्यात विकल्या जाणाऱ्या वस्तूंना वैधमापनाचे (वजने-मापांच्या कायद्याचे) २०११ सालचे आवेष्टित वस्तू नियम लागू होतात. खोक्यावर उत्पादकाचे नाव आणि पत्ता, वस्तूचे नाव, नगांची संख्या, उत्पादनाचा महिना आणि वर्ष, सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत, तक्रारीसाठी संपर्क हे सगळे असावे लागते. मी ते सगळे लिहिले होते, अगदी काळजीपूर्वक, शुद्ध मराठीत. खोक्याच्या तळाची वेष्टने छापून झाल्यावर, १४ ऑक्टोबरला रात्री नियम पुन्हा वाचताना माझ्या लक्षात आले की हा मजकूर देवनागरीतल्या हिंदीत किंवा इंग्रजीत असणे आवश्यक आहे. मराठी त्याच्या जोडीला देता येते, त्याच्याऐवजी नाही. वरून चिठ्ठी चिकटवून दुरुस्ती करावी म्हटले, तर तीही चालत नाही. चिठ्ठीची मुभा किंमत कमी करण्यापुरती आहे. मराठी खेळाच्या खोक्यावर मराठी पुरत नाही, याचे मला दुःख झाले आणि अजूनही आहे. तळाची २०० वेष्टने नव्याने छापली. ३,८०० रुपये आणि अठरा दिवस गेले. वेष्टनाचा मजकूर छपाईला देण्याआधी नियमांचा कागद शेजारी ठेवून एकेक बाब खूण करत तपासा आणि हे काम दुसऱ्या माणसाकडूनही एकदा करून घ्या. वेष्टन करणारा म्हणून स्वतःची नोंदणीही लागते. काम सुरू केल्यापासून ९० दिवसांत अर्ज, शुल्क ५०० रुपये. ती मात्र वेळेत झाली.

जीएसटीबाबत मी एवढेच सांगेन की वस्तूंच्या विक्रीसाठी आपल्या राज्यात ४० लाखांची मर्यादा आहे, पण राज्याबाहेर माल विकायचा असेल तर ही मर्यादा उपयोगी पडत नाही आणि नोंदणी करावी लागते. म्हणून सध्या मी महाराष्ट्रातच विक्री करते. बेळगाव आणि इंदूरहून विचारणा आल्या, त्यांना मला नाही म्हणावे लागले.

एकूण हिशेब असा. छपाईचे ६६,८०० रुपये आणि वाया गेलेल्या वेष्टनांचे ३,८००. चित्रकाराचे मानधन १८,०००, पुस्तिकेची मांडणी ७,०००, दोन वर्षांतले नमुने आणि चाचण्या ६,३००, डाय ३,६००, तिन्ही अर्जांचे मिळून ५,५००. सगळे मिळून १,११,००० रुपये, म्हणजे एका संचामागे ५५५. किंमत ७५० ठेवली. दुकानदार ३५ टक्के घेतात, त्यामुळे दुकानातून विकलेल्या संचामागे हातात ४८७ रुपये ५० पैसे येतात. म्हणजे तिथे प्रत्येक संचामागे तोटाच होतो. हे गणित मी हिशेबाचे काम करत असूनही किंमत छापून झाल्यावर मांडले. दुकानातून विकायचे असेल तर दुकानदाराचा वाटा आधी धरा आणि मगच किंमत ठरवा. आजपर्यंत १३७ संच गेले आहेत, त्यातले ६१ दुकानांतून. अजून २४ हजारांच्या आसपास रक्कम वसूल व्हायची आहे.

गेल्या महिन्यात चिपळूणच्या एका कुटुंबाने फाटलेल्या होड्यांचे फोटो पाठवले. सगळ्याच होड्या मधल्या बिंदूपाशी गेल्या होत्या आणि त्यांनी मागून साडीच्या खोक्यातला पातळ बटर पेपर खळीने लावून त्या पुन्हा उभ्या केल्या होत्या. तो उपाय मी घरी करून पाहिला आणि तो चालतो. दुसऱ्या आवृत्तीच्या पुस्तिकेत मी त्याला अर्धे पान ठेवले आहे. ती आवृत्ती १५० संचांची आहे, वेष्टनावर तिन्ही भाषा आहेत, आणि कटिंगबद्दल छापखान्यातल्या दादांशी असे ठरले आहे की दर थप्पीतला सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा कागद काढायचा, दोन्ही कर्णांवर घडी घालून कडा जुळतात का ते पाहायचे, आणि जुळल्या तरच पुढची थप्पी यंत्राखाली घ्यायची.